ओझी स्मिथ : अडवलेल्या धावांवर उभी राहिलेली कारकीर्द

प्रश्न असा आहे : अमेरिकेतील बेसबॉलचा शॉर्टस्टॉप ओझी स्मिथ याची कारकिर्दीतील बॅटिंगची सरासरी 0.262 (म्हणजे दर हजार प्रयत्नांत 262 यशस्वी फटके, अर्थात हिट्स) आहे आणि 19 हंगामांत मिळून त्याचे होमरन (कुंपणापार गेलेले फटके) अवघे 28 आहेत. असे असताना त्याला पहिल्याच मतदानात हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मान यादीत, जागा कशी मिळाली, आणि आपल्याकडे शॉर्टस्टॉपच्या जागेवर खेळणाऱ्या मुलांनी त्याच्याकडून नेमके काय घ्यावे?

मी अनेक वर्षे सॉफ्टबॉल आणि बेसबॉलच्या इनफिल्डरना (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांना) शिकवत आलो आहे आणि हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागे एक पक्का समज दडलेला आहे. धावा करणारा खेळाडू मोठा आणि धावा अडवणारा त्याचा मदतनीस, असा तो समज आहे. स्मिथची कारकीर्द नीट पाहिली तर हा समज टिकत नाही. प्रतिस्पर्ध्याची एक धाव वाचवली काय आणि आपल्या संघाची एक धाव वाढवली काय, निकालाच्या दृष्टीने दोन्हींचे वजन सारखेच असते. फरक एवढाच की केलेली धाव फलकावर लागते आणि अडवलेली धाव कुठेच लिहिली जात नाही. स्मिथने अशा न लिहिलेल्या धावा इतक्या सातत्याने वाचवल्या की शेवटी त्यांची नोंद घेण्यावाचून कोणाला गत्यंतर उरले नाही.

ज्यांना बेसबॉलची फारशी ओळख नाही, त्यांच्यासाठी शॉर्टस्टॉपच्या जागेबद्दल थोडे सांगतो. सेकंड बेस आणि थर्ड बेस यांच्या मधल्या पट्ट्यात हा खेळाडू उभा असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरचे जमिनीलगतचे फटके मोठ्या प्रमाणात याच भागात येतात. दोन बेसमधले अंतर 90 फूट, म्हणजे सुमारे 27.4 मीटर. चपळ बॅटर फटका मारल्यापासून साधारण चार ते सव्वाचार सेकंदांत फर्स्ट बेसवर पोहोचतो. तेवढ्या वेळात शॉर्टस्टॉपला चेंडूची दिशा ओळखायची असते, तिथवर धावायचे असते, टप्पा साधून चेंडू ग्लोव्हमध्ये घ्यायचा असतो, तो उजव्या हातात आणायचा असतो आणि मैदानाच्या पलीकडच्या बाजूला फर्स्ट बेसवर अचूक फेकायचा असतो. चेंडू थर्ड बेसच्या बाजूच्या खोल कोपऱ्यात गेला तर ही फेक चाळीस मीटरच्या घरात जाते. या साखळीत कुठेही अर्धा सेकंद वाया गेला की धावपटू सुरक्षित. म्हणूनच इनफिल्डमधली ही सर्वांत अवघड जागा मानली जाते आणि तिथे संघ बहुधा आपला सर्वांत चांगला क्षेत्ररक्षक उभा करतो.

ऑझबर्न अर्ल स्मिथ याचा जन्म 26 डिसेंबर 1954 रोजी अलाबामा राज्यातील मोबील या शहरात झाला. सॅचेल पेज, हँक आरन, विली मॅकोव्ही आणि बिली विल्यम्स हे हॉल ऑफ फेममधले खेळाडूही याच शहरात किंवा त्याच्या परिसरात जन्मले, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे. सहा भावंडांत तो दुसरा. तो सहा वर्षांचा असताना कुटुंब लॉस एंजेलिसच्या वॉट्स या वस्तीत राहायला गेले. ही प्रामुख्याने कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची वस्ती होती. ऑगस्ट 1965 मध्ये तिथे मोठी दंगल उसळली, सहा दिवस ती चालली आणि तीत 34 माणसे मेली. बाहेर गोळीबार आणि लुटालूट चाललेली असताना स्मिथ कुटुंबाला घरात जमिनीवर झोपून रात्री काढाव्या लागल्या.

याच वस्तीत त्याने स्वतःचा सराव स्वतःच शोधून काढला. घराच्या पायऱ्यांवर चेंडू आपटायचा आणि परत येणारा चेंडू झेलायचा. ते जमू लागले की पायऱ्यांच्या आणखी जवळ सरकायचे, म्हणजे चेंडू परत यायला कमी वेळ लागतो आणि हातांना अधिक लवकर हलावे लागते. घराच्या छपरावरून चेंडू पलीकडे फेकायचा आणि तो खाली पडण्याच्या आत घराला वळसा घालून झेलायला धावायचे, हाही त्याचा एक खेळ होता. तो चेंडू त्याला कधी झेलता आला नाही, पण प्रयत्न थांबला नाही. जवळच्या लाकडाच्या वखारीत भुशाच्या ढिगावर मुले कोलांट्या मारत. पुढे जगाने पाहिलेली उडी तो तिथे शिकला. प्रशिक्षक म्हणून मला यातला पायऱ्यांचा सराव सर्वांत मोलाचा वाटतो. त्यात अंतर कमी करत जाण्याची कल्पना आहे. आज महागडी यंत्रे वापरून ज्याला प्रतिसादाच्या वेळेचा सराव म्हणतात, तो या मुलाने एक चेंडू आणि चार पायऱ्या यांवर उभा केला होता.

लॉक हायस्कूलमध्ये त्याच्याच संघात एडी मरे होता. मरेला 1973 मध्ये बाल्टिमोरच्या संघाने शाळेतूनच उचलले, आणि पुढे त्याने 500 हून अधिक होमरन व 3,000 हून अधिक हिट्स केल्या. स्मिथकडे मात्र कोणाचेही लक्ष गेले नाही. शरीराने तो किरकोळ होता. ऐन उमेदीतही त्याचे वजन 68 किलोच्या आसपास असे. तो कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो इथल्या कॅल पॉली विद्यापीठात गेला, तोही शैक्षणिक शिष्यवृत्तीच्या आधारावर. बेसबॉल संघात त्याने निवड चाचणी देऊन जागा मिळवली. तिथले प्रशिक्षक बर्डी हार यांनी त्याला डाव्या बाजूनेही बॅटिंग करायला शिकवले, म्हणजे स्विच हिटर केले. 1976 मध्ये डेट्रॉइटने त्याची निवड केली होती, पण पैशांवरून बोलणी फिसकटली. 1977 मध्ये सॅन डिएगो पाद्रेस संघाने त्याला चौथ्या फेरीत घेतले. वॉला वॉला इथल्या कनिष्ठ संघात जेमतेम एक छोटा हंगाम खेळून एप्रिल 1978 मध्ये तो थेट मेजर लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, उतरला. एवढ्या कमी तयारीवर शॉर्टस्टॉपची जागा मिळणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

पदार्पणानंतर दोनच आठवड्यांनी, 20 एप्रिल 1978 रोजी, त्याने जे केले ते आजही इनफिल्डरना शिकवताना दाखवले जाते. प्रतिस्पर्धी अटलांटा ब्रेव्ह्ज, बॅटर जेफ बरोज. बरोजने चेंडू पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) बाजूने सरळ मधोमध मारला. तो सेकंड बेसच्या मागून आउटफिल्डमध्ये जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. स्मिथ डावीकडे धावला आणि सेकंड बेसच्या मागे त्याने सूर मारला, ग्लोव्ह पुढे ताणलेला. तो हवेत असतानाच चेंडूचा टप्पा बिघडला आणि चेंडू उसळून त्याच्या अंगामागे वळला. ग्लोव्हचा हात पुढे गेलेला होता, तो मागे आणणे अशक्य होते. स्मिथने हवेतल्या हवेत उजवा, उघडा हात मागे नेला आणि चेंडू पकडला. मग जमिनीवर आपटून, उसळी घेतल्यासारखा उठून त्याने फर्स्ट बेसवर फेक केली आणि बरोज बाद झाला.

हा प्रसंग पाहणारे उघड्या हाताने घेतलेल्या चेंडूबद्दल बोलतात, आणि ते स्वाभाविकच आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी पाहायला सांगतो. पहिली, त्याचे पहिले पाऊल. बॅटचा चेंडूला स्पर्श होतो त्याच क्षणी तो हललेला आहे. थांबून, पाहून, मग निघालेला नाही. दुसरी, पडल्यानंतरचे उठणे. बहुतेक फिल्डर सूर मारून चेंडू घेतात आणि तिथेच त्यांचे काम संपते, कारण शरीर जमिनीवर पसरलेले असते आणि फेकीसाठी पाय गोळा करण्यात वेळ जातो. स्मिथचे पाय पडण्याच्या आधीच उठण्याच्या तयारीत असत. वखारीतल्या भुशात कोलांट्या मारणाऱ्या मुलाचे शरीर इथे कामाला आले, असे मला वाटते.

त्या वर्षी सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात तो बॉब हॉर्नरच्या पाठोपाठ दुसरा आला आणि त्याने 40 बेस चोरले (फटक्याची वाट न पाहता पुढच्या बेसवर धावून पोहोचणे). मात्र बॅटिंग लगेचच ढासळली. 1979 मध्ये सरासरी 0.211 वर आली, 1980 मध्ये 0.230 होती आणि 1981 मध्ये 0.222. याच काळात क्षेत्ररक्षण मात्र चढत्या कमानीवर होते. 1980 च्या हंगामात त्याच्या नावावर 621 असिस्ट लागले. फिल्डरच्या फेकीमुळे किंवा त्याने चेंडू पुढे दिल्यामुळे प्रतिस्पर्धी बाद झाला की त्या फिल्डरला असिस्ट मिळतो. शॉर्टस्टॉपचा एका हंगामातील आधीचा विक्रम ग्लेन राइटचा 601 असिस्टचा होता आणि तो 1924 पासून टिकून होता. स्मिथचा आकडा अजूनही कोणी ओलांडलेला नाही. त्याच वर्षी त्याला पहिले गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे आपल्या जागेवरच्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचे पारितोषिक, मिळाले आणि 1992 पर्यंत ते सलग 13 वर्षे त्याच्याकडेच राहिले. इतकी गोल्ड ग्लोव्ह दुसऱ्या कोणत्याही शॉर्टस्टॉपला मिळालेली नाहीत.

असिस्टच्या आकड्याला मी एवढे महत्त्व का देतो, तेही सांगायला हवे. क्षेत्ररक्षण मोजण्याची जुनी पद्धत म्हणजे एरर, अर्थात चुका मोजणे. ती अर्धवट आहे, कारण जो फिल्डर चेंडूपर्यंत पोहोचतच नाही त्याच्या नावावर चूकही लागत नाही. चेंडू दोन फुटांवरून निघून जातो, तो हिट म्हणून लिहिला जातो आणि फिल्डरची पाटी कोरी राहते. असिस्ट आणि झेल मिळून फिल्डरने प्रत्यक्षात किती जणांना बाद करण्यात हात लावला हे कळते. स्मिथ दोन्ही मोजमापांवर उतरतो. 1980 मध्ये त्याने सर्वाधिक चेंडू गाठले आणि 1991 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, संपूर्ण हंगामात फक्त 8 चुका केल्या. कारकिर्दीतील एकूण असिस्ट 8,375 आहेत आणि शॉर्टस्टॉपच्या जागेवरचा तो विक्रम आजही अबाधित आहे. क्षेत्ररक्षणाने संघाच्या विजयांत किती भर घातली याचा अंदाज बांधणाऱ्या आधुनिक हिशेबांपैकी एका प्रमुख हिशेबात त्याला सुमारे 44 विजयांचे श्रेय मिळते आणि सर्व काळांतील सर्व खेळाडूंमध्ये तो पहिला येतो. हे हिशेब अंदाजांवर उभे असतात हे मान्य करूनही, एवढ्या अंतराने कोणी अव्वल ठरत असेल तर तो केवळ आकड्यांचा खेळ म्हणता येत नाही.

आता त्याच्या आयुष्यातले निर्णायक वळण. पाद्रेसशी पगारावरून त्याचे बिनसलेले होते. दुसरीकडे सेंट लुईस कार्डिनल्सचे व्यवस्थापक व्हायटी हर्झॉग यांनाही आपला शॉर्टस्टॉप बदलायचा होता. तो शॉर्टस्टॉप गॅरी टेम्पलटन हा साधा खेळाडू नव्हता. 1979 मध्ये दोन्ही बाजूंनी प्रत्येकी 100 हिट्स करणारा तो इतिहासातला पहिला स्विच हिटर ठरला होता. परंतु ऑगस्ट 1981 मध्ये घरच्या प्रेक्षकांकडे त्याने अश्लील हावभाव केले आणि हर्झॉगनी त्याला मैदानातून बाहेर ओढले. त्यानंतर अदलाबदलीची बोलणी सुरू झाली. स्मिथच्या करारात त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे देता येणार नाही असे कलम होते, म्हणून हर्झॉग स्वतः सॅन डिएगोला जाऊन त्याला भेटले आणि तू आलास तर आपण विजेतेपद जिंकू, असे त्यांनी त्याला पटवले. फेब्रुवारी 1982 मध्ये व्यवहार पुरा झाला. 0.300 च्या आसपास सरासरी असलेला बॅटर देऊन 0.222 सरासरीचा बॅटर घेतला, असे कागदावर दिसत होते. हर्झॉग काय घेत होते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

सेंट लुईसचे तेव्हाचे बुश स्टेडियम प्रशस्त होते आणि तिथे नैसर्गिक हिरवळीऐवजी कृत्रिम पृष्ठभाग होता. असल्या पृष्ठभागावर चेंडू वेगाने धावतो, त्यामुळे फिल्डरमधल्या फटी रुंद होतात आणि मंद इनफिल्डरची दाणादाण उडते. पण टप्पा मात्र खरा येतो. खड्डा किंवा खडा लागून चेंडू अचानक उसळण्याची धास्ती फारशी नसते. चपळ फिल्डर थोडा मागे उभा राहून अधिक रुंद पट्टा राखू शकतो. हर्झॉग यांनी संघच या मैदानाला साजेसा बांधला होता : होमरनपेक्षा पळण्यावर, बेस चोरण्यावर आणि क्षेत्ररक्षणावर भर. 1982 मध्ये कार्डिनल्सनी पूर्ण हंगामात फक्त 67 होमरन मारले, मेजर लीगमध्ये सर्वांत कमी, आणि तरीही त्यांनी मिलवॉकी ब्रूअर्सना सात सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची विजेतेपदाची मालिका, जिंकली. फर्स्ट बेसवर कीथ हर्नांडेझ, सेकंड बेसवर टॉमी हर, शॉर्टस्टॉपवर स्मिथ : या इनफिल्डवरून जमिनीलगतचा फटका पार करणे हे मोठेच काम होते.

टॉमी हर आणि स्मिथ यांची जोडी डबल प्लेसाठी, म्हणजे एकाच फटक्यावर दोघांना बाद करण्यासाठी, अभ्यासावी अशी आहे. फर्स्ट बेसवर धावपटू असताना फटका सेकंड बेसमनकडे गेला की तो चेंडू सेकंड बेसवर शॉर्टस्टॉपला देतो आणि शॉर्टस्टॉप बेसला पाय लावून फर्स्ट बेसवर फेकतो. पहिला धावपटू पाय पुढे करून त्याच्या अंगावर घसरत येत असतो. इथे बहुतेकांची चूक एकच होते : बेसवर पोहोचायची घाई होते, तिथे जाऊन ते थांबतात आणि चेंडूची वाट पाहतात. स्मिथ बेसवर वेळेवर पोहोचे, लवकर नाही. चेंडू आणि तो एकाच क्षणी बेसवर येत, त्यामुळे पळण्याचा वेग फेकीत उतरे, आणि धावपटू अंगावर येईपर्यंत तो उडी घेऊन त्याच्या वर गेलेला असे. कारकिर्दीत 1,590 डबल प्ले त्याच्या हातून झाले. निवृत्तीच्या वेळी शॉर्टस्टॉपचा तो विक्रम होता. पुढे ओमार व्हिझकेलने तो मोडला.

सेंट लुईसला आल्यावर त्याची बॅटिंगही सुधारू लागली, आणि त्यामागे हर्झॉग यांची एक साधी पैज होती. स्मिथकडे ताकद कमी होती, म्हणून त्याने उंच मारलेला चेंडू जवळजवळ नेहमीच झेलला जाई. हर्झॉग यांनी ठरवले की त्याने चेंडू हवेत उडवला तर त्याने एक डॉलर द्यायचा, आणि जमिनीलगत किंवा सरळ रेषेत मारला तर हर्झॉग यांनी त्याला एक डॉलर द्यायचा. हंगाम संपेपर्यंत स्मिथच्या खिशात जवळपास 300 डॉलर आले होते. खेळाडूला उपदेश करण्यापेक्षा त्याच्या हाती असलेली गोष्ट मोजायला लावणे किती परिणामकारक असते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. त्याने ताकद वाढवण्यासाठी व्यायामही हाती घेतला. सरासरी वर्षागणिक चढत गेली : 1985 मध्ये 0.276, 1986 मध्ये 0.280 आणि 1987 मध्ये 0.303. त्या 1987 च्या हंगामात त्याने 40 डबल्स (सेकंड बेसपर्यंत पोहोचवणारे फटके) मारल्या, 43 बेस चोरले, 104 धावा केल्या, 75 धावा करवल्या आणि होमरन मारला नाही एकही. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात अँड्रे डॉसनपाठोपाठ तो दुसरा आला. डॉसनने त्या वर्षी 49 होमरन मारले होते. एकही न मारणारा खेळाडू त्याच्या पाठीला लागला होता, यावरूनच मत देणारे आता काय पाहू लागले होते हे कळते.

प्रश्नकर्त्याने सरासरीचा मुद्दा काढला आहे म्हणून आणखी एक बाब नोंदवतो. कारकिर्दीत त्याला चुकीच्या पिचमुळे 1,072 वेळा मोफत बेस मिळाले आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून बाद होणे) झाले फक्त 589. त्याने 2,460 हिट्स केल्या आणि 580 बेस चोरले. हा दुबळा बॅटर नव्हे. ताकद नसलेला, पण डोके शाबूत ठेवून खेळणारा बॅटर आहे.

1985 हे वर्ष वेगळे सांगायला हवे, कारण त्याची सर्वांत प्रसिद्ध कामगिरी आणि सर्वांत लपलेली कामगिरी दोन्ही याच वर्षातल्या आहेत. प्रसिद्ध कामगिरी 14 ऑक्टोबरची. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध दोन्ही संघांनी दोन-दोन सामने जिंकलेले, पाचव्या सामन्यात नवव्या इनिंगला 2-2 अशी बरोबरी, पिचर टॉम नीडनफ्युअर. स्मिथ डाव्या बाजूने खेळत होता. तोवरच्या कारकिर्दीत डाव्या बाजूने त्याने 3,009 वेळा बॅटिंग केली होती आणि एकदाही होमरन मारला नव्हता. आतल्या बाजूला आलेला चेंडू त्याने राइट फील्डच्या रेषेवरून कुंपणापार घालवला आणि सामना तिथेच संपला. समालोचक जॅक बक यांचा त्या वेळचा हर्षोन्मत्त आवाज सेंट लुईसमध्ये आजही ऐकवला जातो. त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू स्मिथच ठरला. वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र कॅन्सस सिटी रॉयल्सनी कार्डिनल्सना हरवले. 1987 मध्येही ते अंतिम फेरीत पोहोचून मिनेसोटा ट्विन्सकडून हरले.

लपलेली कामगिरी खांद्याची आहे. जुलै 1985 मध्ये त्याच्या उजव्या खांद्याला, फेकणाऱ्या हाताच्या स्नायूंना, इजा झाली. शस्त्रक्रिया केली असती तर हंगाम गेला असता आणि खांदा पूर्ववत होईल याची खात्री नव्हती. त्याने शस्त्रक्रिया टाळली, खांदा बळकट करण्याचे व्यायाम केले आणि सरावातल्या फेकी कमी केल्या. मुळातच त्याचा हात फार जोरकस नव्हता, आणि त्यानंतर तर तो आणखी जपून वापरायचा होता. तरीही पुढची सात गोल्ड ग्लोव्ह त्याने याच खांद्यावर मिळवली. ती कशी, हे समजले की त्याचे क्षेत्ररक्षण समजले. फेकीत कमी पडणारा वेळ त्याने इतर ठिकाणी भरून काढला : बॅटर आणि पिचर पाहून आधीच योग्य जागी उभे राहणे, चेंडूची वाट न पाहता त्याच्यावर चालून जाणे, आणि चेंडू ग्लोव्हमधून हातात येण्याचा क्षण शक्य तितका लहान करणे. चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये मुक्कामाला थांबतच नसे. ग्लोव्हमध्ये शिरला की उजवा हात तिथे हजर असे आणि पुढच्या क्षणी फेक सुटलेली असे. ताकदीने फेकणारे शॉर्टस्टॉप वयाच्या तिशीनंतर उतरणीला लागतात; स्मिथ चाळिशीपर्यंत टिकला तो यामुळे.

त्याच्या कोलांटीउडीचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. 1 ऑक्टोबर 1978 रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, पाद्रेसच्या एका अधिकाऱ्याच्या आग्रहावरून त्याने प्रेक्षकांसाठी मैदानात ती पहिल्यांदा मारली. पुढे सेंट लुईसमध्ये हंगामाच्या पहिल्या सामन्याची ती ओळखच झाली. तिच्यामुळे त्याला जादूगार (विझार्ड) हे टोपणनाव अधिकच चिकटले. लोकांना तिने आनंद दिला, लहान मुले तिच्यामुळे या खेळाकडे वळली, हे चांगलेच झाले. मात्र तिच्यावरून त्याला कसरतपटू समजणे चूक आहे. त्याच्या 8,375 असिस्टपैकी बहुसंख्य अगदी साध्या चेंडूंवरचे आहेत, जे कोणी जपून ठेवत नाही. इतरांना सूर मारावा लागे तिथे तो आधीच पोहोचलेला असे, म्हणून त्याचे अवघड चेंडूही सोपे दिसत.

आपल्याकडच्या वाचकांना हे मोल समजावे म्हणून मी एकनाथ सोलकर यांचे नाव घेतो. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचा हा मुलगा. 27 कसोटी सामन्यांत त्यांनी 53 झेल घेतले, बरेचसे बॅटच्या तोंडाशी, हेल्मेटशिवाय उभे राहून. त्यांची बॅटिंगची सरासरी पंचविशीच्या आसपास होती. पण 1971 च्या ओव्हल कसोटीत वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर अ‍ॅलन नॉटचा झेल त्यांनी ज्या रीतीने घेतला, तो पाहिलेल्या कोणी त्यांची सरासरी विचारली नाही. बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना आणि वेंकट यांच्या फिरकीला तो शॉर्ट लेग होता म्हणून धार होती. कार्डिनल्सच्या पिचरना स्मिथचा आधार नेमका असाच होता : बॅटरने चेंडू जमिनीवर मारला तरी हरकत नाही, मागे तो आहे, या भरवशावर ते पिच टाकू शकत.

1996 मध्ये नवे व्यवस्थापक टोनी ला रुसा आले आणि शॉर्टस्टॉपच्या जागेसाठी रॉइस क्लेटनला पसंती मिळू लागली. या काळात स्मिथ आणि ला रुसा यांचे संबंध कटू झाले आणि ती कटुता बरीच वर्षे राहिली. 19 जून 1996 रोजी त्याने हंगामाअखेर निवृत्त होणार असल्याचे जाहीर केले. त्या शेवटच्या वर्षीही 82 सामन्यांत त्याची सरासरी 0.282 होती, तेव्हा तो थकून बाजूला झाला असे म्हणता येणार नाही. उरलेल्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानांवरही लोक उभे राहून त्याला टाळ्या देत होते. सप्टेंबरच्या अखेरीस कार्डिनल्सनी त्याचा 1 हा क्रमांक कायमचा निवृत्त केला. 2002 मध्ये तो मतदानाला पात्र झाला आणि पहिल्याच वर्षी 91.7 टक्के मते मिळवून हॉल ऑफ फेममध्ये गेला. 75 टक्के मते पुरेशी असतात. क्षेत्ररक्षणाच्या बळावर एवढा निर्विवाद कौल फार थोड्यांना मिळाला आहे.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. आपल्या मुलांचा सराव बहुधा मुरमाच्या किंवा साध्या मातीच्या मैदानावर होतो. तिथे टप्पा फसवा येतो आणि म्हणून मुले मागे सरकून चेंडूची वाट पाहू लागतात. हीच सवय आधी मोडावी. मागे राहिले की चेंडूला आणखी एक-दोन टप्पे मिळतात आणि प्रत्येक टप्प्यागणिक फसगतीची शक्यता वाढते. पुढे जाऊन चेंडू टप्पा पडता पडता किंवा उसळीच्या माथ्यावर घेतला तर मैदानाचा दोष कमी आड येतो. ग्लोव्ह सुरुवातीलाच जमिनीला टेकलेला आणि उघडा असावा, कारण खालून वर हात उचलणे सोपे असते आणि वरून खाली दाबणे उशिराचे ठरते. सॉफ्टबॉलमध्ये बेसचे अंतर 60 फुटांचे असल्याने वेळ आणखी कमी मिळतो, त्यामुळे ग्लोव्हमधून हातात चेंडू घेण्याचा सराव वेगळा काढून करावा. तो फेकीच्या सरावाचाच भाग आहे असे समजून सोडून देऊ नये. फेक जोरात नसली तरी चालते, वेळेवर सुटली पाहिजे. ज्यांचा हात लहान वयात जोरकस आहे त्यांनाही मी हेच सांगतो, कारण खांदा कधी साथ सोडेल हे कोणाच्या हातात नसते.

आणि रोजच्या सरावासाठी भिंत पुरेशी आहे. टेनिसचा चेंडू घ्यावा, भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभे राहावे, कमरेखाली चेंडू आपटावा आणि परत येणारा प्रत्येक टप्पा दोन्ही हातांनी, गुडघे वाकवून, अंगासमोर घ्यावा. सलग वीस चेंडू न चुकता घेता आले की एक पाऊल पुढे यावे, एक जरी सुटला तरी तिथेच पुन्हा पहिल्यापासून मोजावे. ग्लोव्ह नंतर चढवावा. आधी उघड्या हातांना चेंडू कळू द्यावा.